पलीकडच्या वावराचे तराफे

पान्यावरून जायाचे चार परकार मी करून पाह्यले. सुके भोपळे, ट्रकची ट्यूब, पिप्याईवर बांधलेली बाज, अन् केळीच्या खांबाचा तराफा. आता कोनी इचारलं का यातलं चांगलं कोनतं, तं मी म्हनते, आधी पानी दाखव. पानी पाह्यल्याशिवाय मी कोनाले सांगत नाही. एका वर्सी मी न पाहता सांगत फिरली होती.

आमचं गाव तापीच्या काठचं, केळीच्या भागातलं. खाली धरन झालं तसं गाव उठलं अन् वर टेकाडावर जाऊन बसलं. ज्याईचे वावरं बुडाले त्याईले दुसरीकडे जमिनी भेटल्या. आमचं वावर बुडालं नाही. तेच वांधं झालं. वावर नाल्याच्या पल्याड, उंचावर. आधी त्या नाल्यात उन्हाळ्यात पाय बुडे एवढंही पानी नसे. गाडी घातली का बैल आपल्या मनानं पलीकडे जात. धरनाचे दारं टाकले अन् पानी मागं फुगलं, तं नाला नदीएवढा झाला. गाडीवाट बुडाली, बांध बुडाले, वाटेवरच्या बाभळी बुडाल्या, त्याईचे नुसते शेंडे वर राह्यले.

या काठावर उभं राहून मले माहं वावर दिसे. कपाशी पेरलेली होती, पानी भादव्यात चढलं. तिकडे कोनाचं ढोर घुसलं तं मी इकडून हाड हाड करे. ढोर मान वर करून पाहे अन् परत चरे.

रस्त्यानं जायाचं म्हनलं तं एसटीनं पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, अन् मंग काठाकाठानं चालत मागं. सकाळी निघालं तं दुपारी वावरात. घडीभर काम केलं का परतीच्या गाडीसाठी पळा. अशानं कापूस वेचला जात नाही.

त्याच वर्सी मालक पडले. केळीचा ट्रक भरत होते, वर चढून घड रचत होते, पाय सरकला. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून आनले ते बाजेवर. डॉक्टर म्हने उठतीन. कधी, ते नाही सांगितलं. पोरगी आठ वर्साची होती.

मंग जेठ आले. आम्ही त्याईले नाना म्हनो. भावाभावात वाटे झाले तेव्हा नाल्याच्या अल्याडचं वावर नानाले आलं, पल्याडचं आम्हाले. तेव्हा पल्याडचं जास्त चांगलं होतं, काळं, भारी. नाना बाजेच्या पायथ्याशी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी काय म्हनतो, वावर माह्याकडे दे बटाईनं. माहे गडी आहेत, तिथंच झोपडी टाकून राहतीन. तुमच्या घरातून आता जाईन कोन?"

मालक पत्र्याकडे पाहत राह्यले. मी चुलीजवळून उठून दाराशी आली.

"नाना, मी जाईन."

"कशी?"

"जाईन."

"जाईन म्हने. पाखरू आहे का तू?"

नाना वाईट मानूस नव्हते, हे आधीच सांगते. पन बटाईनं दिलेलं वावर दोन-तीन वर्सं दुसऱ्याच्या नांगराखाली राह्यलं का गडी त्याच्या वळनाचे होतात, वाट त्याच्या पायाची होते. मंग मागायाले गेलं का ते बी शरमतात, आपन बी शरमतो. माहेरी माह्या काकाचं असंच झालं. कोनी लुबाडलं नाही. वावर फक्त परत आलं नाही.

नाना उठले, टोपी घातली. "ठीक आहे. हा हंगाम पाहू. सगळ्या वेचन्या घरात आल्या तं मी परत तोंड नाही उघडनार. पन एक जरी वेचनी पान्यापायी राह्यली, तं पुढच्या पेरनीले माहा नांगर."

कपाशी एकदम फुटत नाही, बोंडं मागंपुढं फुटतात, म्हनून चार-पाच वेळा वेचा लागते. तेवढ्या वेळा जायाचं अन् कापूस घेऊन यायाचं, असा तो करार.

"कबूल," मालक म्हने. तेवढ्या दिवसात ते पहिल्यांदा आपल्या मनानं बोलले.

माहं माहेर एरंडोलकडचं, गिरनेच्या काठचं. तिकडे पोरी बी भोपळ्यावर पोहत. सुका भोपळा दोरीनं छातीशी बांधायाचा, पान्यात उतरायाचं, बाकी पानी पाहून घेते. मायले निरोप धाडला, तं माय सोताच आली दोन भोपळे घेऊन. नाल्याच्या काठावर उभी राह्यली अन् पान्याकडे पाहून तिनं मान हलवली.

"बाई, हाई पानी ते उभं शे. हालत नही, चालत नही."

"मंग?"

"भोपळा वाहत्या पानीना शे. गिरना आपले लई जाये. आठे तुले कोन लई जाई?"

मायचं खरं निघालं. वाहत्या पान्यात भोपळ्यासारखं हलकं काही नाही. उलटं होत नाही, फिरत नाही, आपन फक्त तोंड वर ठेवायाचं अन् पाय मारत काठाकडे सरकायाचं. पन थांबलेल्या पान्यात सगळं आपल्याच हातापायानं. अर्ध्यात गेली तं माहे खांदे भरून आले. पलीकडे निघाली तेव्हा लुगडं असं जड का दोन पावलं टाकवत नव्हते. अन् कापूस आनायाचा कशावर? मी तिकडे बसून लुगडं पिळलं अन् तशीच परत आली.

ट्यूब दिली ट्रकवाल्यानं. मालक त्याच्याच गाडीवरून पडले होते, तं त्याले वाईट वाटत होतं. पाचोऱ्याहून येता येता टाकून गेला, तीन ठिकानी पंक्चर काढलेली. मधात फळी बांधली. ट्यूबवर पालथं पडायाचं, हातानं पानी मागं लोटायाचं. वारा होता त्या दिवशी, लाटा होत्या, पन ट्यूबले लाटेचं काही नाही. लाट आली का वर चढे, गेली का खाली उतरे, पाळन्यासारखं. मले बरं वाटलं. पन लुगड्यात हवा भरली अन् ते मागं फुगून वर आलं. काठावर धुन्याच्या बाया होत्या. एकीनं हसायाले सुरुवात केली तं साऱ्या हसल्या.

"अवं पाहा वं, म्हैस निघाली पान्यात!"

"म्हैस कशाची, म्हशीले शेपटी असते!"

मले बी हसू आलं, खोटं कशाले सांगू. पन जेठानी, आमच्या अक्का, हसल्या नाहीत. संध्याकाळी घरी आल्या. "हे असं मान्साईच्या समोर पालथं पडून जाशीन रोज? मी तुले नाही म्हनत नाही. पन उभं राहून जायाचं काहीतरी पाहा बाई. बाईमानसानं उभ्यानं जावं."

अक्काचं मले पटलं. लोकाईच्या बोलन्यापायी नाही. ओल्या लुगड्यानं कापूस वेचला का कापूस ओला होते.

ट्यूबचं बी तिसऱ्या खेपेले संपलं. बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावरून गेली. वाळल्या बाभळीचा काटा, तो पान्यात बी काटाच राह्यते. हवा निघाली तिचा आवाज मले अजून ऐकू येते. फळीले धरून परत आली.

मंग माहा भाऊ आला, अमळनेरहून. तो तिकडे तेलाच्या गिरनीत कामाले होता. चार रिकामे पिपे एसटीच्या टपावर टाकून आनले. कंडक्टर म्हने, "हे चार पाहुने कोन?" भाऊ म्हने, "बहिनीकडे चालले, दिवाळीले." 

दुसरी एक बाज होती घरात, पोरगी तिच्यावर झोपे. ती उलटी करून चार पायाशी चार पिपे बांधले, मंग सुलटी केली. मालक आपल्या बाजेवरून सांगत होते, डावीकडचा ढिला आहे, दोर अजून एक वेढा घे, पिप्याची बुचं वरून राहू दे, खालून पानी शिरीन. लय दिवसानं त्याईच्या आवाजात जोर होता. पोरगी म्हने, "मंग मी कुठं झोपू?" मालक म्हने, "तू मायजवळ. तुह्या बाजेले आता नोकरी लागली."

ती पान्यात सोडली तं अशी उभी राह्यली का ओटा बांधला असं वाटे. मी चढली, हातात लांब बांबू, खाली जमीन लागली का टेकवायाचा अन् ढकलायाचं. पाय कोरडे, लुगडं कोरडं. खोल जागी बांबू पुरत नसे, तिथं फळीनं पानी लोटे. पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. रोज सकाळी, वारा नसताना, पानी आरशासारखं. खाली कुठं काय आहे ते मले पाठ होतं. इथं गाडीवाट वळते, इथं बांध, इथं बुडाल्या बाभळी, त्याच्यापासून लांब राह्याचं. बुडालेल्या जमिनीवरून मी वरच्या वर चालत होती.

केळीच्या खांबाचा तराफा आमच्याकडे पहिल्यापासून होता. घड कापला का खांब वायाच जाते, तं पोरं चार-पाच खांब एकाले एक बांधून पान्यात खेळत. मी त्याले नावं ठेवली. खांब अर्धा पान्यात बुडून राह्यते, पाय ओले होतात, आठ-पंधरा दिवसात सडते, वजन वाढत जाते. कोनी भेटलं का मी सांगे, पिप्याची बाज सगळ्यात चांगली, तिच्यासारखं काही नाही. नाना बी एकदा काठावर आले, बाजेभोवती फिरले, एक पिपा पायानं हलवून पाह्यला.

"बांधलं तं चांगलं," म्हने अन् गेले.

पहिली वेचनी आनली. दुसरी आनली. थोडी थोडी होती, एक-एक गाठोडं.

तिसऱ्या वेचनीले सारं वावर एकदम फुटलं. दिवाळी आठ दिवसावर होती. आभाळ धुरकट होतं, पाऊस आला असता तं झाडावरच भिजला असता सारा. दोन बाया मजुरीनं घेतल्या, त्या एसटीनं आल्या, मी बाजेवरून गेली. दुपार कलेपर्यंत चार मोठे गाठोडे झाले. त्याईनं ते बाजेवर चढवाले हात लावला अन् गाडी पकडाले निघून गेल्या.

आता माही चूक सांगते. आम्ही सगळे कापसाची गाडी भरनारे मानसं. गाडी भरायाची म्हनजे चार कोपऱ्याले चार दांडे, गाठोड्यावर गाठोडं, वरून दोर आवळायाचा, जेवढी उंच तेवढी ऐट. मी बाज तशीच भरली. चारी गाठोडे एकावर एक, माह्या डोक्याच्या वर. मागं उभं राह्याले हातभर जागा. पुढचं काही दिसत नव्हतं, पन बैलगाडीत बी मागच्याले कुठं दिसते, असं मी म्हनलं.

मधात आली अन् वारा सुटला. पहिले तं मले बरंच वाटलं. बांबू लावला नाही अन् बाज चालली. मंग ध्यानात आलं का ती घराकडे नाही चालली. वारा नाल्यातून तापीकडे वाहत होता अन् कापसाचे गाठोडे त्याच्या समोर भिंतीसारखे उभे होते. बांबू खाली टेकवला तं पुरा बुडाला, जमीन लागलीच नाही. फळीनं लोटलं तं बाज जागच्या जागी फिरली. पिप्यावर लाटा आपटू लागल्या, धाड धाड, अन् प्रत्येक लाटेले बाज उभी कले. ट्यूब लाटेवर चढत होती, ही लाटेशी भांडत होती.

नानाचा केळीचा बाग नाल्याच्या अल्याड, पान्याले लागूनच. नाना बागातून बाहेर आले. मले पाह्यलं अन् काठाकाठानं पळू लागले. धोतर वर धरून.

"दोर काप! कापूस सोड!"

"नाही!"

"अवं सोड! वारा त्याले धरून राह्यला!"

"नाही सोडत!"

मले काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मले वाटलं, वेचनी घरात येऊ नाही म्हनून नाना सोड म्हनून राह्यले. तेवढ्या वाऱ्यात, तेवढ्या पान्यात मले तेच सुचलं. मी गाठोड्याले हात घालून धरलं अन् अजून आवळून धरलं.

मंग पुढचा एक पिपा सुटला. सुटला अन् आमच्या पुढं टुनटुन करत तापीकडे निघाला, जसं काही वाट दाखवतो. बाज त्या कोपऱ्यात खाली बसली. वरचं गाठोडं कललं. तेव्हा मी विळा काढला अन् दोर कापला. वरचे तीन गाठोडे गेले, एकामागं एक. कापूस लगेच बुडत नाही. पांढरे पांढरे ढीग लांबवर गेले अन् हळूहळू खाली बसत गेले. खालचं एक गाठोडं दांड्यात अडकून राह्यलं.

वजन गेलं तशी बाज सरळ झाली, पन थांबली नाही. नाल्याच्या तोंडाशी शेवटच्या दोन बाभळीचे शेंडे होते. मी बांबू टाकला अन् दोन्ही हातानं शेंडा धरला. काटे तळहातात गेले, एक पार आरपार. बाज फांद्यात अडकली. त्याच्यापुढं तापी.

बसली का बाज तुटक्या कोपऱ्याकडे कले, म्हनून उभीच राह्यली. काठाकडे पाह्यलं तं नाना नव्हते. गेले, मी म्हनलं. मले त्याईचा राग बी आला नाही. आता हे हात सोडायाचे नाहीत एवढंच होतं. ती बाभळ म्हनजे आमच्या भाकरी खायाच्या जागेची बाभळ, तिच्याखाली मालक दुपारी आडवे होत. तिचं खोड कुठं असीन, बांध कुठं असीन, याचा इचार करत राह्यली.

उन्हं लाल झाले तेव्हा बागाच्या अंगानं काहीतरी निघालं. केळीच्या खांबाचा तराफा, अन् त्याच्यावर नाना. उभे. कमरेले विहिरीचा नाडा बांधलेला, त्याच्या पुढं अजून दोन दोर जोडलेले, काठावर अक्का अन् चार-पाच जन ते धरून सोडत होते. नानाले पोहता येत नाही हे साऱ्या गावाले माहीत. वारा तसाच होता, पन तराफा हलत नव्हता. खांब पान्यात बुडून होते, वाऱ्याले धरायाले वर काही नव्हतंच. नाना फळीनं पानी लोटत येऊन राह्यले होते. पाय घोट्यापर्यंत पान्यात.

जवळ आले. तोंड पांढरं पडलेलं.

"ये," म्हने.

"एक गाठोडं आहे."

नानानं माह्या हाताकडे पाह्यलं. रक्त होतं. "आन ते बी. पन आडवं टाक. खाली टाक. गाडी नाही हे."

मी गाठोडं दिलं. मंग मी उतरली. नाना काठाकडे ओरडले, "ओढा!" अन् मंग हळू मले म्हने, "अन् मले बी धर, मले काही येत नाही यातलं."

अर्ध्या वाटेत खांब ढिले पडू लागले. केळीच्या भागात आम्ही सारं काही सोपटानं बांधतो, केळीच्याच सुकल्या सालीनं, नानानं बी तेच वापरलं होतं. पान्यात सोपट मऊ पडलं. दोन खांबात फट पडली तं नाना एका पायानं एक खांब धरून, दुसऱ्या पायानं दुसरा. तसेच आले. त्याईचं धोतर केळीच्या चिकानं काळं झालं होतं, तो डाग कधी निघत नाही.

काठावर आलो तेव्हा मी बाग पाह्यला. पान्याजवळचे सहा झाडं कापलेले. घड खाली चिखलात पडलेले, हिरवे, केळं बोटाएवढं. घड कापून झालेले जुने खांब बागात पडून होते, पन ते नासके, ते बुडतात. नानानं ताजे घेतले, उभे, घड लागलेले. केळीवाल्या मानसानं लागलेलं झाड कापनं म्हनजे काय ते केळीवाल्यालेच कळीन.

अक्का घडाकडे पाहून म्हनल्या, "दोन महिने राह्यले होते."

"भाजी कर," नाना म्हने.

"सहा घडाची?"

"गावाले वाट."

आठ दिवस सारं गाव कच्च्या केळीची भाजी खात होतं. मले त्या पान्यात जे वाटलं होतं ते नानाले सांगावं असं लय वाटलं. नाही सांगितलं. सांगून त्याईले काय भेटलं असतं. भाजी मी बी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नाना घरी आले. बाजेच्या पायथ्याशी बसले, टोपी गुडघ्यावर. माहे हात फडक्यात बांधलेले होते. मालक सोताहून बोलले.

"नाना, आपलं ठरलं होतं. वेचनी पान्यात गेली."

नाना माह्याकडे वळले. "अजून जाशीन का?"

"दोन वेचन्या राह्यल्या," मी म्हनलं.

पोरगी पानी घेऊन आली, नाना प्याले, भांडं खाली ठेवलं.

"मंग खांबाले सोपट नको बांधू. मी घाईत बांधलं. बांबूच्या खुंट्या कर अन् आरपार ठोक, सहाच्या सहा खांबातून. बागातले खांब घेत जा, घड कापला त्याच दिवशी घे, शिळे नको."

मालक म्हने, "अन् वेचनीचं?"

"एक गाठोडं आलं ना घरात? मंग आली ती वेचनी," नाना म्हने अन् उठले.

राह्यलेल्या दोन्ही वेचन्या मी खांबाच्या तराफ्यावरून आनल्या. गाठोडे आडवे, ताडपत्रीत गुंडाळून, माह्या गुडघ्याच्या वर येऊ दिले नाहीत. पाय रोज ओले. पायाले चिखल्या झाल्या, तेल लावून झोपे.

पुढं दहा-बारा वर्सं मी त्या पान्यावरून गेली. मालक दुसऱ्या साली काठी टेकत उठले, तराफ्यावर पहिल्यांदा बसले तं दोन्ही हातानं खांब धरून, डोळे मिटून. मी म्हनलं, "उघडा, तुमचंच वावर आहे खाली." बाभळीत अडकलेली बाज सोडवून आनली, चौथा पिपा भावानं अजून एक आनून दिला, पन बाज मी फक्त थंडीतल्या सकाळी काढे. शेनखताचे टोपले न्यायाचे असले, पानी झोपलेलं असलं, तं तिच्यासारखं काही नाही. जरा पान हललं का खांब. आखाडात दारं उघडले का नाला परत वाहता होये, त्यात बाज बी नको अन् खांब बी नको, पानी त्याईले कुठं नेऊन घालीन सांगता येत नाही. तेव्हा मायचे भोपळे. वर जाऊन पान्यात उतरायाचं अन् खाली वावराशी निघायाचं, हातात विळा सोडून काही न्यायाचं नाही. वावरात एक झोपडी टाकली होती, कोरडं लुगडं मी तिथंच ठेवून दिलं होतं. ट्यूबचं पंक्चर काढलं अन् ती पोरीले दिली. वाऱ्याच्या दिवशी ती काठाकाठानं लाटेवर बसे अन् ओरडे. तिले कामाचं काही नव्हतं, मजा होती. मजेसाठी ट्यूबच चांगली.

मंग आमच्यासारखे पल्याडचे वावरवाले अजून दोन-तीन घरं होते, त्याईच्या बाया इचाराले येऊ लागल्या. वहिनी, बाज करू का तराफा करू. मी म्हने, चल आधी पान्यावर.

नानानं वावराचं परत कधी नाव काढलं नाही. एका वर्सी त्याईच्या सासुरवाडीकडचा एक मानूस आला होता, जमीन करायाले पाहत होता. नानाच्या ओट्यावर बसला होता, मी अक्काकडे ताक न्यायाले गेली होती, आत होती. तो म्हने, पल्याडचं वावर तुमचंच आहे ना, ते द्या मले बटाईनं, अपंग भाऊ काय करनार त्याचं.

नाना म्हने, "माहं नाही ते. तिचं आहे. तिले इचार."

"कुठं भेटीन?"

"सकाळी ये. वावरात भेटीन."

"पन मी तिकडे जाऊ कसा? मधात तं पानी आहे."

"ती जाते तसा जा," नाना म्हने.

तो मानूस सकाळी काठापर्यंत आला होता. मी पल्याड निंदत होती. बराच वेळ उभा राह्यला, मंग गेला.